चिऊताईचे दार
(पालक व रविवारच्या शाळेतील शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : लूक ११:५–१३, लूक १२:६, ७ व २४, मत्तय ७:२४–२७

मराठी घरातल्या बहुतेक मुलांच्या कानांवर पडणारी पहिली गोष्ट चिऊ-काऊची असते. ती आईच्या मांडीवर ऐकावी आणि ऐकता ऐकता झोपी जावे, अशी आपली रीत. आता ही गोष्ट रंगीत चित्रपुस्तकांतूनही मिळते. सुरतेत डिंडोलीला राहणाऱ्या आमच्या मंडळीतील पालक या गोष्टीविषयी बोलू लागले, तेव्हा त्यांची मते एकमेकांपासून फार दूर असल्याचे दिसून आले. कोणी म्हणाले, ही गोष्ट मुलांना सांगूच नये. कोणी म्हणाले, हिच्यावाचून मूल झोपतच नाही. या मतभेदात पालकांना व शिक्षकांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हा पाठ.

गोष्ट काय आहे?

कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे. मोठा पाऊस येतो आणि कावळ्याचे घर वाहून जाते. तो भिजत, कुडकुडत चिमणीच्या दाराशी येऊन दार वाजवितो. चिमणी आतून त्याला थांबायला सांगते. आधी बाळाला न्हाऊ घालायचे आहे, मग अंग पुसायचे आहे, मग कपडे घालायचे, तीट लावायची, जेवू घालायचे, निजवायचे. प्रत्येक वेळी कावळा पुन्हा हाक मारतो आणि प्रत्येक वेळी चिमणीचे एक नवे काम निघते. शेवटी दार उघडते. पुढचा भाग घरोघरी वेगळा आहे. कुठे कावळा चुलीजवळ बसतो व भाजतो. कुठे रात्री चोरून चणे खातो व पकडला जातो. कुठे चिमणी त्याला ऊब देते, खाऊ देते, आणि गोष्ट तिथेच संपते. लोककथेला एकच शेवट नसतो, हे ध्यानात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होईल.

पालकांची मते

पहिले मत असे : चिमणी कठोर आहे. बाहेर शेजारी पावसात उभा असताना ती बाळाला तीट लावीत बसते. दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या मनात आपण रोज रात्री हेच घालतो की, आपले सगळे आवरले म्हणजे मग दुसऱ्याचे बघावे. डिंडोलीत या मताला विशेष वजन आहे. येथील आपली पुष्कळ कुटुंबे जळगाव, धुळे व नंदुरबार या भागांतून आलेली. सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने नवापूर मागे टाकून, हातात एक पिशवी घेऊन माणूस उधन्याला उतरतो आणि कोणा मावशीच्या, कोणा गाववाल्याच्या दाराशी येऊन उभा राहतो. एका खोलीत आधीच सहा माणसे असतात, तरी सातव्याला जागा होते. अशा एका बापाने विचारले, "त्या रात्री मला कोणी थांब म्हटले असते, तर मी कुठे गेलो असतो?"

दुसरे मत एका आईचे. लूमच्या कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. धनी रातपाळीला गेला की घरात ती आणि लेकरे. दिवसभर घरी साड्यांना लेस लावायची, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रात्री कडी लावून झोपायचे. तिचे म्हणणे असे, "चिमणी एकटी आहे, पदरात लहान बाळ आहे. तिने आधी बाळाकडे बघितले, तर तिचे काय चुकले? आम्हीच मुलांना सांगतो ना, विचारल्याशिवाय दार उघडू नका म्हणून?" हे मतही खोटे नाही.

तिसरे मत रंगाविषयीचे आहे आणि ते आम्हांला फार लागले. चित्रपुस्तकात चिमणी नीटनेटकी, टापटीप. कावळा काळा, घर शेणाचे, वर चोरटा. सावळ्या मुलाला खेळताना इतर मुले 'काऊ' म्हणून चिडवितात आणि घरातली मोठी माणसेही हसतात. एका पालकाने सांगितले की, त्यांची मुलगी पुस्तकातले कावळ्याचे पान आले की ते पटकन उलटते. ज्या मुलाला रोज आरशात सावळा चेहरा दिसतो, त्याला ही गोष्ट झोपताना काय सांगत असेल, याचा विचार आपण करावयास हवा.

चौथे मत आजीबाईंचे. त्या म्हणतात, "अहो, एवढा अर्थ कोण बघतो? लेकरू तर निम्म्यातच झोपते." त्यांच्या बोलण्यातही शहाणपण आहे. या गोष्टीत तेच तेच पुन्हा येते. न्हाऊ, पुसणे, जेवण, निजणे हा बाळाच्या स्वतःच्या संध्याकाळचाच क्रम आहे. बाहेर पाऊस आहे, आपण आत कोरड्या उबदार जागी आईजवळ आहोत, एवढे मुलाला समजते आणि डोळे मिटतात.

इतर ठिकाणी

असे मतभेद आपल्यातच होतात असे नाही. अमेरिकेत मार्गारेट वाइज ब्राउन यांचे 'गुडनाइट मून' हे चित्रपुस्तक १९४७ साली निघाले. चित्रे क्लेमेंट हर्ड यांची. एक छोटा ससा अंथरुणात पडून खोलीतल्या एकेका वस्तूचा निरोप घेतो, एवढीच त्यात गोष्ट. आज ते जगभर वाचले जाते, पण न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते १९७२ पर्यंत आपल्या संग्रहात घेतले नव्हते. मॉरिस सेंडक यांच्या १९६३ सालच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' या पुस्तकात आई खोडकर मुलाला जेवणाविना झोपायला पाठविते. १९६९ साली ब्रूनो बेटलहाइम या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. आईने जेवण तोडणे मुलाला भयंकर वाटेल, असे त्यांना वाटले. पण त्यांनी ते पुस्तक स्वतः वाचलेच नव्हते. शेवटी त्या मुलाचे ताट गरमागरम वाट पाहत असते. शेवटच्या पानापर्यंत न जाता पुस्तकाचा न्याय करू नये, हा धडा आपणही घ्यावा.

आपल्या गुजरात राज्यात गिजुभाई बधेका यांनी भावनगरला बालशिक्षणाचे मोठे काम केले. गोष्टीचे पहिले काम मुलाला आनंद देणे हे होय, तिला जबरीने बोध चिकटवू नये, असे ते मानीत. आमची मुले शेजारच्या गुजराती घरांत चकी-चकाची खिचडीची गोष्टही ऐकतात आणि दोन्ही गोष्टींतल्या चिमण्या एकच समजतात. त्यांना त्यात काही अडचण येत नाही.

शास्त्र काय दाखविते?

लूक ११ मध्ये प्रभू येशूने एक दृष्टांत सांगितला आहे. तो वाचताना चिऊ-काऊची आठवण आल्यावाचून राहत नाही. मध्यरात्री एक मनुष्य मित्राच्या दाराशी येतो. त्याच्या घरी पाहुणा आला आहे आणि वाढायला काही नाही, म्हणून तो तीन भाकरी मागतो. आतला मनुष्य काय कारण देतो? दार लावले आहे आणि मुले माझ्याजवळ अंथरुणात आहेत. ही चिमणीचीच अडचण नव्हे काय? एका खोलीच्या घरात जो राहिला आहे, त्याला ही अडचण चांगली कळते. दिवा लावला, कडी काढली, की सगळी मुले जागी होतात.

येथे तीन गोष्टी लक्षात घेऊ.

१. प्रभूने त्या आतल्या मनुष्याला दुष्ट म्हटलेले नाही. लेकरांची झोप हे खरे कारण आहे. म्हणून चिमणीलाही आपण घाईने दोषी ठरवू नये. तिने नाही म्हटलेले नाही, थांब म्हटले आहे. पण थांबायला सांगणे किती लांबवायचे, हा प्रश्न मात्र उरतोच. न्हाऊ घालणे आवश्यक होते. तीट लावणे दार उघडल्यावरही चालले असते.

२. दृष्टांत बाहेर उभ्या असलेल्याच्या बाजूने सांगितलेला आहे. ठोठावणाऱ्याने ठोठावीत राहावे, असे प्रभू शिकवितो. झोपमोड झालेला मनुष्यसुद्धा अखेर उठतो, तर स्वर्गीय पिता किती अधिक देईल, हा त्यातला मुद्दा आहे. आपण मात्र चिऊ-काऊची गोष्ट नेहमी आतून सांगतो. कधी तरी मुलांना बाहेर, कावळ्याच्या शेजारी उभे करून पाहावे.

३. लूकच्या पुढल्याच अध्यायात चिमण्या आणि कावळे हे दोन्ही पक्षी आले आहेत. दोन दमड्यांना विकल्या जाणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, आणि पेरणी-कापणी न करणाऱ्या कावळ्यांनाही तोच खाऊ घालतो. देवाच्या घरी एक पक्षी गोजिरा आणि दुसरा ओंगळ असा भेद नाही. ज्या मुलीला कावळ्याचे पान नकोसे वाटते, तिला हा अध्याय अवश्य सांगावा. एलीयाला ओढ्याकाठी भाकरी व मांस आणून देणारे कावळेच होते, हेही सांगावे (१ राजे १७).

मत्तय ७ मधील दोन घरांचा दृष्टांतही येथे जोडता येतो, पण जपून. चिमणीचे मेणाचे घर पावसात टिकले म्हणून ते खडकावरचे घर ठरत नाही. आमच्या वर्गातील एका मुलाने विचारले, "मग मे महिन्यात ते घर वितळले नाही का?" सुरतेच्या उन्हाळ्यात हा प्रश्न सुचणे साहजिक आहे. पावसाळ्यात कावळा चिमणीकडे आला, तशी उन्हाळ्यात चिमणीला कोणाकडे तरी जावे लागेल. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसे वरच्या मजल्यावर गेली. त्या दिवसांत पुष्कळांची दारे उघडली. कोणाचे घर शेणाचे आणि कोणाचे मेणाचे, हे पाणी विचारीत नाही.

घरी व वर्गात काय करावे?

आमचे मत असे की, ही गोष्ट टाकू नये. पण पुढील गोष्टी पाळाव्यात.

रात्री गोष्ट गोष्टीसारखीच सांगावी. अर्थ काढीत बसू नये. विचारायचे ते दिवसा, मूल जागे व खेळकर असताना विचारावे. अनेक शेवटांपैकी कावळा भाजण्याचा शेवट सोडून द्यावा आणि चिमणी त्याला ऊब देते तो सांगावा. तोही जुनाच आहे, आपण गोष्ट बिघडवीत नाही. मुलाच्या रंगावरून 'काऊ' म्हणणे घरात आणि वर्गात पूर्णपणे बंद करावे, आणि ते आधी मोठ्यांनी करावे. आईबापांची मते वेगळी असली तर ती मुलाच्या उशाशी भांडून मिटवू नयेत. मूल झोपल्यावर बोलावे. आणि अनोळखी माणसाला मुलाने दार उघडू नये, हा नियम कायम ठेवावा. दार उघडणे हे मोठ्यांचे काम आहे, आणि ते मोठे कसे करतात हे मूल अंथरुणातून पाहत असते. गावाकडून आलेल्या पाहुण्याला आपण काय म्हणतो, त्याच्या पाठीमागे काय बोलतो, हे त्याच्या कानी जाते. पुस्तकातल्या चिमणीपेक्षा तो धडा अधिक पक्का बसतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. चिमणीच्या कामांपैकी कोणती थांबू शकत नव्हती आणि कोणती थांबू शकली असती?
२. लूक ११ मधील आतला मनुष्य आणि चिमणी यांच्यात साम्य काय, फरक काय?
३. आपण किंवा आपले आईवडील या शहरात आले, तेव्हा पहिले दार कोणी उघडले? मुलांना त्या माणसाचे नाव सांगितले आहे काय?
४. आपल्या घराशी आज कोण थांबून आहे?