धसकटे ओलीतच मातीआड करा

महाडहून नाते ओलांडून पाचाडच्या वाटेला लागले की दिवाळीनंतर दोन्ही अंगांना कापलेली खाचरे दिसतात. भात खळ्यावर गेलेले, मागे वीतभर धसकटे. अनेक ठिकाणी ती पावसाळ्यापर्यंत तशीच उभी राहतात आणि चिखळणीत एकदम गाडली जातात. मग लावणीनंतर आवण पिवळे पडते. उपटून पाहावे तर मुळे काळपट, चिखलाला आंबूस वास. शेतकरी युरिया फेकतो, पण दुखणे बऱ्याचदा त्या कुजणाऱ्या काडात असते.

काडाचा चिवटपणा लिग्निनमुळे. बुरशी ते फोडते तेव्हा फेरुलिक, कुमारिक अशी आम्ले सुटतात. यांच्या रेणूत कार्बनच्या सहा अणूंचे घट्ट कडे असते, आणि ती साठली की कोवळ्या मुळांना बाधतात. कडे तोडून ती खाणारे जिवाणू मातीत असतातच. मात्र त्यासाठी लागणारी विकरे ते कायम बनवत नाहीत. तो पदार्थ पेशीत शिरला की एक प्रथिन त्याला ओळखते आणि मगच त्या विकरांची जनुके चालू होतात. शेजारी सोपे अन्न असेल तर बहुतेक जिवाणू आधी तेच संपवतात. म्हणून गुळाचे पाणी शिंपडले की काड लगेच कुजेल, या भरवशावर राहू नये.

आधी सोपे अन्न संपवण्याच्या या सवयीला अपवादही आहे. आयआयटी मुंबईत अभ्यासलेला 'स्यूडोमोनास भारतिका' हा जिवाणू ग्लुकोज बाजूला ठेवून आधी नॅप्थालीन, बेंझोएट असे कडेवाले पदार्थ खातो.  

शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट पुढची. हे कडे उघडणाऱ्या मुख्य विकरांना प्राणवायू लागतो. जुलैच्या तुंबलेल्या खाचरात तो जवळजवळ नसतो, तर कापणीनंतरच्या वाफशात ओल आणि हवा दोन्ही असतात. शिवाय कुजताना काड मातीतला नत्र ओढून घेते. ही ओढाताण उभ्या भाताशी होण्यापेक्षा आत्ताच उरकलेली बरी.

तेव्हा वाफसा येताच उथळ नांगरट करा, हाताशी असेल ते शेणखत मिसळा, धसकटे जाळू नका. वाल किंवा हरभरा पेरायचा असेल तर त्याच नांगरटीत काम होते. खाचर पडीक ठेवणार असाल तरी एक नांगरट चुकवू नका, कारण एकदा ढेकूळ वाळले की जिवाणूंचे काम पुढच्या पावसापर्यंत थांबते.