चाळीसचं भिंग लावलं की कांदा कुठे जातो?

प्रश्न : मी नववीत आहे. प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा १० पटीच्या भिंगाखाली विटांच्या भिंतीसारखा छान दिसतो. पण ४० पटीचं लावलं की नुसता काळोख. स्क्रू फिरवत राहिले तर सर ओरडले, ‘काच फोडशील!’ माझं काय चुकतं? आणि काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे का पळतं?

उत्तर : आधी काळोखाचं बघू. भिंगं बसवलेली चकती फिरवताना शेवटी ‘टक्’ असा आवाज आला होता का? भिंग अर्धवट अडकलं, तर उजेड वर पोचतच नाही. आवाज आला असेल, तर पुढचा हिशेब पाहा.

काचपट्टीजवळचं वस्तुभिंग आणि डोळ्याजवळची नेत्रिका यांच्या आकड्यांचा गुणाकार म्हणजे एकूण विशालन. नेत्रिका १० पटीची असेल, तर वस्तू आधी १०० पट दिसत होती, आता ४०० पट. पण हे मोठेपण फुकट मिळत नाही. आधी साधारण १.८ मिलिमीटर रुंदीचा भाग दिसत असेल, तर आता जेमतेम ०.४५, म्हणजे क्षेत्रफळाचा सोळावा हिस्सा. कडेची पेशी भिंग बदलताच बाहेर जाणार. म्हणून हवी ती पेशी आधी बरोबर मध्यभागी आण. शिवाय इतक्या लहानशा भागातून येणारा उजेडही कमीच. मंचाखालचा कंडेन्सर वर घे, डायफ्रॅम थोडा उघड. आरशाचा सूक्ष्मदर्शी असेल, तर आरसा उजळ आभाळाकडे वळव. उन्हाकडे मात्र कधीच नाही, डोळे जातील.

आता सरांचं ओरडणं. ४० पटीच्या भिंगाचं टोक काचेपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं. मोठा स्क्रू जरा जास्त फिरला की कव्हरस्लिप तडकते आणि भिंगालाही ओरखडा पडू शकतो. म्हणून १० पटीखाली चित्र स्पष्ट करून घ्यायचं आणि भिंग बदलल्यावर फक्त बारीक स्क्रू, तोही किंचित पुढे-मागे.

तरीही धूसरच दिसलं, तर काचपट्टी उलटी तर नाही ना, ते बघ. हसू नकोस, हे नेहमी होतं! काचपट्टी सुमारे १ मिलिमीटर जाड. पापुद्रा तिच्या खालच्या बाजूला गेला, तर १० पटीचं भिंग त्याच्यापर्यंत पोचतं. ४० पटीचं काचेवरच अडतं.

राहिलं चित्राचं पळणं. वस्तुभिंग पापुद्र्याची उलटी प्रतिमा नळीत तयार करतं. नेत्रिका ती मोठी करते, सुलटी करत नाही. त्यामुळे वरचं खाली आणि डावीकडचं उजवीकडे. खात्री करायची असेल, तर वर्तमानपत्रातलं बारीक छपाईचं ‘र’ कापून पट्टीवर सुलटं ठेव आणि सर्वांत कमी शक्तीच्या, ४ पटीच्या भिंगाखाली पाहा. शिरोरेषा तळाशी गेलेली दिसेल. आता पट्टी हलके उजवीकडे सरकव. ‘र’ डावीकडे का निघालं, हे तूच सरांना सांगशील.