बिबट्या व त्याच्या संवयी

गेल्या हिवाळ्यांत ऊंसतोड चालू असतां एका वाडीवरील मजुरांनीं बिबट्याचीं तीन पिलें पाटींत घालून प्रार्थनामंदिराच्या दारांत आणिलीं. मांजराएवढीं होतीं, डोळे नुकतेच उघडलेले. आम्हीं वनखात्यास कळविलें. वनरक्षकांनीं पिलें ज्या सरींत सांपडलीं तेथेंच टोपलींत ठेविलीं, माणसें दूर नेलीं, आणि पहांटेपर्यंत त्यांची आई एकेक पिलूं मानगुटीस धरून घेऊन गेली. हें ऐकून मंडळींतील एक वृद्ध बाई आम्हांस म्हणाल्या, "पाळकसाहेब, उद्यां हींच मोठीं होऊन आमच्या नातवंडांवर उडी घालतील, मग तुम्ही काय कराल?" त्यांची शेळी आदल्याच महिन्यांत गेली होती. त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. पुढें ह्या प्राण्याविषयीं जें वाचलें व जाणत्यांस विचारून समजून घेतलें, तें उपदेशक बंधूंच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें मांडीत आहों.

जंगल तुटलें म्हणून बिबट्या गांवांत आला, असें सर्वत्र ऐकूं येतें. ह्यांत सत्यांश आहे, पण पुरतें सत्य नाहीं. जुन्नर व त्याच्या आसपासच्या तालुक्यांत कुकडी प्रकल्पाचीं धरणें झालीं, कालव्यांनीं पाणी फिरलें, आणि जेथें बाजरी होत असे तेथें ऊंस उभा राहिला. ऊंस वर्षभर, कित्येकदा दीड वर्ष, शेतांत असतो. आंत दाट सांवली, माणसांची वर्दळ नाहीं, पाणी जवळ. मादीस पिलें घालावयास ह्याहून बरी जागा कोणती? जीं पिलें उंसांत जन्मतात त्यांनीं डोंगरांतलें अरण्य पाहिलेलेंच नसतें. मग त्यांना जंगलांत "परत" पाठवा, ह्या बोलण्याचा अर्थ तो काय?

आतां तो खातो काय, हें पाहूं. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले भागांत विद्या अथ्रेया ह्या संशोधक बाईंनीं व त्यांच्या सोबत्यांनीं पुष्कळ वर्षें अभ्यास केला. तेथें एका चौरस किलोमीटरांत सुमारें 300 माणसें राहतात, आणि 100 चौरस किलोमीटरांत सुमारें 5 मोठे बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेवरून असें दिसलें कीं, वजनानें पाहतां त्यांच्या खाण्यांतील शेंकडा 87 भाग पाळीव जनावरांचा, व शेंकडा 39 भाग एकट्या कुत्र्यांचा. शेळ्या त्या भागांत कुत्र्यांहून कितीतरी अधिक. तरी त्या बिबट्याच्या तोंडीं फार कमी पडत, कारण धनी त्यांना जपतो, रात्रीं कोंडतो. कुत्रें मात्र उकिरड्यावर मोकळें. ज्या गांवाच्या वेशीवर मेलेल्या कोंबड्या व खाटकाची घाण पडते तेथें कुत्रीं वाढतात, आणि कुत्र्यांच्या मागें तो येतो.

आम्हांस सर्वांत अधिक अचंबा वाटला तो पुढील गोष्टीचा. जुन्नर भागांत 1993 पासून 2001 च्या आरंभापर्यंत माणसांवर वर्षास सरासरी 4 हल्ले होत. फेब्रुवारी 2001 पासून बिबटे मोठ्या संख्येनें पिंजऱ्यांत धरून दूर सोडण्याचा क्रम सुरू झाला. हेतु चांगला होता. परंतु पुढें 2003 पर्यंत हल्ले वर्षास सरासरी 17 झाले! ह्याचें कारण त्याच्या स्वभावांत आहे. बिबट्या एकलकोंडा प्राणी. आपल्या मुलखांतील ओढा, बांध, माणसांच्या जाण्यायेण्याच्या वेळा, सर्व त्याच्या ओळखीचें असतें, आणि ओळखीचें असतें म्हणूनच तो माणसांस टाळतो. पिंजऱ्यांत धडपडलेला व गर्दीनें बावरलेला असा तो परक्या ठिकाणीं सोडला, म्हणजे त्याला तेथलें कांहींच ठाऊक नसतें. इकडे रिकाम्या जागेंत दुसरा येऊन बसतो. शिवाय सोडलेला तेथें राहतोच असें नाहीं. 2009 सालीं टाकळी ढोकेश्वर येथील विहिरींतून काढलेला एक नर माळशेज घाटांत सोडला. गळ्यांतील यंत्रावरून समजलें कीं, तो सुमारें 120 किलोमीटर चालून मुंबईजवळच्या अरण्यांत पोंचला. त्याला "आजोबा" असें नांव दिलें होतें. 2011 सालीं तो महामार्गावर वाहनाखालीं मेला.

अकोल्याकडील महादेव कोळी व ठाणें-पालघरकडील वारली लोक वाघोबाची स्थापना करितात. ती पूजा आपण सोडली, व सोडणें योग्यच होतें; परंतु हें जनावर आपल्याच शिवारांतलें एक रहिवासी आहे, अशी जी जाणीव त्या लोकांच्या ठायीं आहे, ती पूजेबरोबर टाकून द्यावयास नको होती.

असें लिहितांना आमचा हात अडखळतो. 2025 च्या आक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांत थोड्याच दिवसांच्या अंतरानें दोन मुलें व एक वृद्ध स्त्री बिबट्यानें मारिलीं. त्या आईबापांस कोणी आंकडे सांगूं नयेत. आणि अशा घरीं समाचारास गेल्यावर "देवानें शिक्षा केली" असें तर आमच्या उपदेशकांनीं चुकूनही बोलूं नये. ऊंस घराच्या भिंतीस येऊन लागला, ह्यांत त्या घराचें पाप तें कोणतें? माणसांवर उठलेला बिबट्या धरतां येतो, तसाच उपाय नसल्यास मारतांही येतो. 1972 च्या कायद्याप्रमाणें त्यास वरिष्ठ वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो, इतकेंच. लोकांनीं आपण होऊन विष घालणें वा फांस लावणें हा मात्र गुन्हा आहे, आणि जखमी बिबट्या सर्वांत वाईट.

मुलांस सांजेनंतर एकटें अंगणाबाहेर सोडूं नये. उंसाच्या कडेला शौचास बसूं नये. बसलेला मनुष्य ठेंगणा दिसतो व त्यास जनावर समजून झडप पडते, असें जाणते सांगतात. शेळ्यांच्या कोंडवाड्यास नुसती भिंत पुरत नाहीं, वर छप्पर किंवा जाळी व घट्ट दार पाहिजे. घर व ऊंस ह्यांमध्यें कांहीं अंतर मोकळें ठेवावें. रात्रींच्या सभेहून परततांना चारपांच जणांनीं मिळून, बत्ती घेऊन, मोठ्यानें बोलत किंवा गात यावें. आमच्या कित्येक बंधूंचा सूर असा आहे कीं बिबट्या खचित दूर जाईल. तो दिसलाच तर पळूं नये, पाठ न फिरवितां हळूहळू मागें सरावें. विहिरींत पडला किंवा घरांत शिरला तर गर्दी जमूं देऊं नये. त्याला वाट न मिळाल्यामुळेंच अशा वेळीं पुष्कळ माणसें जखमी होतात. जनावर मारलें गेल्यास तें न हलवितां वनरक्षकास लगेच कळवावें, म्हणजे पंचनामा होऊन सरकारी भरपाई मिळते.

त्या वृद्ध बाईंना आम्हीं हें सर्व सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, "दाराला पैसे कोठून आणूं?" मंडळीनें वर्गणी करून त्यांच्या कोंडवाड्यास जाळी व दार बसवून दिलें. नातवंडांस त्या अजूनही दिवे लागल्यावर उंबऱ्याबाहेर जाऊं देत नाहींत.