डायट भाकरीपुरता नसतो

"डॉक्टर, डायट चालू केलाय," असं सांगत ईट गावातून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून बरेच जण येतात. काय केलंय विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. भात बंद, बटाटा बंद, दोनाच्या जागी एक भाकरी. झोपता कधी? "लाईट रात्रीची असते ना, दारं धरायला जावं लागतं." चालणं? "गाडी आहे की." आणि चहा? यावर जरा थांबून, "कुणी दिला तर घेतो." आठवडी बाजाराच्या दिवशी हे 'कुणी' पाच-सहा जण निघतात. कपामागे दोन चमचे साखर धरली तरी दिवसाला दहा-बारा चमचे झाले. भाकरीनं काय घोडं मारलं होतं?

'डायट' हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, पण मूळचा ग्रीक. 'दिआइता' म्हणजे जगण्याची रीत. ग्रीक वैद्य हिपोक्रॅटिसच्या नावावर जमा असलेल्या ग्रंथांत या विषयावर एक ग्रंथ आहे, साधारण इसवी सनापूर्वी 400 च्या सुमाराचा, चार भागांचा. त्यात धान्य, मांस, भाज्यांचे गुण आहेतच. शिवाय आंघोळ, झोप, चालणं, कुस्ती हेही आहे, आणि चौथा भाग तर स्वप्नांवरच आहे. नुसतं खाणं सांभाळून भागत नाही, अंगाला कष्टही हवेत, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्या आयुर्वेदातला वाग्भटही वेगळं सांगत नाही. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात दिनचर्या दुसऱ्या अध्यायात, ऋतुचर्या तिसऱ्यात आणि अन्नधान्याचे गुणदोष थेट सहाव्यात.

अलीकडचं उदाहरण शेजारच्या लातूरचं. तिथं वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा शिकवत असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून सुचवलेली पद्धत गावोगावी पोचली. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदाच खायचं, आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं. त्याच्या जोडीला 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. लोकांना 55 मिनिटं तोंडपाठ झाली, 45 मिनिटं कुठं गेली कोण जाणे. या पद्धतीवर डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर आपल्या डॉक्टरांना न विचारता जेवणं कमी करू नका. साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, काही सुचेनासं होणं, असं झालं तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात कालवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.

रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांचं दुखणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आठवडाभर चार-पाच तासांच्या तुकड्या-तुकड्यांच्या झोपेवर काढला, की रक्तातली साखर आणि रक्तदाब दोन्ही आवरेनासे होतात, आणि भूकही अवेळी लागते. रानात जाण्याआधी, आठच्या आत जेवून घ्या. मध्यरात्री परत जेवू नका. फारच भूक लागली तर मूठभर फुटाणे. दिवसा अंधाऱ्या खोलीत फोन बंद करून सलग झोप घ्या, घरच्यांनीही त्या वेळी हाक मारू नये. आणि मधुमेह असलेल्यांनी चिखलात अनवाणी उतरू नये. पाय बधिर असले तर बाभळीचा काटा मोडला तरी कळत नाही. आठ दिवसांनी पाय सुजून येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. घरी आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसकट उजेडात बघा.

आपल्याकडच्या खव्याच्या भट्टीवर काम करणारे विचारतात, दिवसभर कढई हलवतो, तो व्यायाम नाही का? हाताला होतो, पण तो एका जागी उभं राहून. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं वस्तीला फेरी मारा, जेवणानंतर चढणारी साखर त्यानं खाली राहते. खवा मात्र चाखण्यापुरताच घ्या. एका किलोत चार-पाच लिटर दूध आटलेलं असतं.

भाकरी सोडायची गरज नाही. ज्वारीचीही साखर होतेच, म्हणून मोजून खा आणि ताटात भाजी-डाळ भाकरीपेक्षा जास्त घ्या.

पुढच्या वेळी तपासणीला येताना गोळ्यांच्या पाकिटासोबत एक कागद आणा. तीन दिवसांत कधी उठलात, कधी जेवलात, किती कप चहा झाला, किती चाललात, किती झोपलात, एवढंच लिहा. लिहिता येत नसेल तर नातवंडाकडून लिहून घ्या. चहाचा आकडा खरा लिहायला सांगा.