प्रश्नावली मराठीत आणतेयस, तर थोडं ऐक

अगं, थिसिससाठी फ्रॉमेल्ट यांची प्रश्नावली मराठीत आणायचं ठरवलंस, फार बरं केलंस. मरणाच्या दारात असलेल्या माणसाची सेवा करताना आपल्या नर्सेसना काय वाटतं, हे त्यांना त्यांच्याच भाषेत विचारायला हवं. १९९१ सालची ही अमेरिकेतली प्रश्नावली. तीस विधानं, आणि प्रत्येकापुढे पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत असे पाच पर्याय.

आधी रीतसर परवानगी घे. मग दोघांकडून वेगवेगळं भाषांतर करून घे, एक जण आपल्या क्षेत्रातला आणि एक बाहेरचा. दोन्ही जुळवून मसुदा तयार झाला, की मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांकडून तो परत इंग्रजीत करून घे. जिथे तफावत दिसेल ते तज्ज्ञांपुढे ठेव आणि मग ३० ते ४० जणींकडून भरून घेऊन बघ. बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेली ही पद्धत आता सगळीकडे रुळलीय.

पण खरी कसोटी पुढेच आहे. मरणासन्न माणसाला त्याच्या प्रकृतीबद्दल खरं उत्तर द्यावं, अशा अर्थाचं एक विधान त्यात आहे. आपल्याकडे काय होतं, तुला माहीतच आहे. मुलगा दाराबाहेर गाठून म्हणतो, "सिस्टर, बाबांना कॅन्सरचं काही बोलू नका." नर्सने विषय काढला तर बोलणी तिलाच बसतात. अशी नर्स 'असहमत'वर खूण करते, तेव्हा ते तिचं मत असतं की वॉर्डातला दंडक? नुसत्या आकड्यांवरून ते कळणार नाही. म्हणून चाचणीच्या वेळी काही जणींजवळ निवांत बस. "हे वाचताना कोणता पेशंट डोळ्यांपुढे आला?" असं विचार आणि त्या सांगतील ते लिहून ठेव. विधान गाळायची घाई करू नकोस, नाहीतर दुसऱ्या देशांतल्या अभ्यासांशी तुलनाच करता येणार नाही. हवं तर वॉर्डातल्या परिस्थितीबद्दल वेगळा प्रश्न जोड, पण त्याचे गुण मूळ बेरजेत धरू नकोस.

निम्मी विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. नाईट संपवून आलेल्या मुलीला 'बोलू नये' याच्याशी असहमत व्हायचं म्हणजे गोंधळ होतो. त्यामुळे वाक्यं छोटी ठेव, आणि ड्यूटी सुटता सुटता कोणाच्या हातात कागद देऊ नकोस.

आणि इन्चार्ज सिस्टरांकडून कागद गोळा करवू नकोस. नाव नको, संमतिपत्र वेगळं ठेव, उत्तरं बंद पेटीत टाकू दे. क्रोनबाखचा अल्फा ०.७०च्या वर गेला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नकोस. वेगवेगळ्या विधानांची उत्तरं एकमेकांशी जुळतात, एवढंच तो सांगतो; ती मनापासून दिलीत की धास्तावून, हे त्यावरून कळत नाही.

थिसिस जमा झाला की निष्कर्ष आधी त्या नर्सेसना जाऊन सांग. त्यांनी थकल्या जिवाने तुला उत्तरं दिलीत, पहिला हक्क त्यांचाच आहे.