स्वावलंबनाची पुस्तके आणि एकमेकांची ओझी

शास्त्रवाचन : फिलिप्पै ४:१०-२०, गलती ६:१-५, याकोब १:२२-२५

आपल्या मंडळ्यांतील तरुणांच्या हाती कोणती पुस्तके असतात हे शब्बाथशाळेच्या शिक्षकांस सांगावयास नको. यश कसे मिळवावे, चिंता कशी घालवावी, लोकांवर छाप कशी पाडावी, श्रीमंत कसे व्हावे! रेल्वे स्टेशनवरील दुकानात अशा पुस्तकांचे ढीग असतात, आणि त्यांतील पुष्कळ आता मराठीतही मिळतात. तरुणच नव्हे, वडीलधारी माणसेही ती वाचतात. कित्येक घरांत ती पवित्र शास्त्राशेजारी ठेवलेली असतात. मग वर्गात कोणीतरी विचारतो, ही पुस्तके ख्रिस्ती माणसाने वाचावी की नाही? आम्हांस वाटते, प्रश्न थोडा बदलून घ्यावा. ही वाचून कोणास मदत होते, आणि केव्हा होते?

ती सरसकट टाकाऊ आहेत असे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. नीतिसूत्रांचे पुस्तक आळशास मुंगीकडे धाडते (६:६-८). लवकर उठणे, जीभ आवरणे, कर्जास जामीन न राहणे, असा रोजच्या व्यवहाराचा उपदेश त्यात पानोपानी आहे. तुरुंगात असलेल्या पौलाने तीमथ्याकडून अंगरख्याबरोबर पुस्तकेही मागविली (२ तीमथ्य ४:१३). तेव्हा पुस्तकाची मदत घेण्यात अविश्वास नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जो स्वतःला मदत करतो त्याला देव मदत करतो, ही म्हण शास्त्रवचन म्हणून प्रार्थनासभेतही ऐकू येते. ती पवित्र शास्त्रात कोठेही नाही. अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने ती १७३६ च्या आपल्या पंचांगात छापली, आणि १८५९ साली सॅम्युएल स्माईल्स याने आपल्या पुस्तकाचा आरंभ तिनेच केला. पुस्तकाचे नाव होते ‘सेल्फ-हेल्प’, म्हणजे स्वावलंबन. ह्या सबंध जातीच्या पुस्तकांस नाव मिळाले ते ह्याच ग्रंथावरून. पहिल्या वर्षात त्याच्या सुमारे २०,००० प्रती खपल्या. १८७१ मध्ये नाकामुरा मासानाओ ह्या विद्वानाने ते जपानी भाषेत आणले आणि तेथील एका पिढीने ते वाचून काढले.

पण हे पुस्तक जन्मास कसे आले ते फार थोड्यांस ठाऊक असते. स्माईल्स हा स्कॉटलंडचा, डॉक्टरी शिकलेला गृहस्थ. तो इंग्लंडातील लीड्स ह्या गिरण्यांच्या गावी राहत होता. त्या गावी अगदी गरीब स्थितीतील दोनतीन तरुणांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून, ज्याला जे येते ते दुसऱ्याला शिकवायचे असे ठरविले. कोणी वाचन, कोणी लेखन, कोणी हिशेब. संख्या वाढून शंभराच्या घरात गेली तेव्हा जागा हवी झाली. एक मोठी कळकट खोली रिकामी होती. पूर्वी तेथे पटकीच्या रोग्यांचे तात्पुरते इस्पितळ होते म्हणून कोणी भाडेकरू तिकडे फिरकत नसे. ह्या पोरांनी तीच भाड्याने घेतली, दिवे लावले, बाके मांडली. १८४५ च्या सुमारास त्यांनी स्माईल्सला दोन शब्द बोलण्यास बोलाविले, आणि त्या भाषणांतून पुढे पुस्तक झाले. म्हणजे स्वावलंबनाचा हा ग्रंथ परस्परांस हात देणाऱ्या मुलांच्या पोटी जन्मला! पुस्तकाचे नाव लोकांस स्वार्थाचे वाटू लागले तेव्हा स्माईल्सनेच पुढील आवृत्तीत खुलासा केला की, स्वतःस मदत करण्यात शेजाऱ्यास मदत करणे येतेच.

त्यानंतरच्या पुस्तकांतून मात्र ती खोली आणि ती बाके नाहीशी होत गेली. वाचक एकटा उरला. नेपोलियन हिल (१९३७) आणि ऱ्होंडा बर्न (२००६) ह्यांच्या पुस्तकांत तर मनात धरलेला विचारच धन खेचून आणतो. ह्यास आम्ही विश्वास म्हणणार नाही. नॉर्मन व्हिन्सेंट पील हा आपल्यातलाच, न्यूयॉर्क येथील मंडळीचा पाळक. त्याचे सकारात्मक विचारांवरील पुस्तक १९५२ साली निघाले. त्याचा हेतू चांगला होता आणि निराश झालेल्या पुष्कळांस त्याने प्रार्थनेकडे वळविले. परंतु फिलिप्पै ४:१३ हे वचन तो पुन्हा पुन्हा म्हणावयास सांगतो, आणि त्या एका वचनाशी थांबल्याने अर्थ बदलतो. त्याआधीच्या दोन वचनांत पौल यशाविषयी बोलत नाही. उपासमार आणि विपुलता ह्या दोहोंत तृप्त राहण्यास आपण शिकलो असे तो सांगतो. आणि लगेच पुढच्या वचनात, माझ्या संकटात तुम्ही भागीदार झालात हे चांगले केलेत, असे म्हणून तो मंडळीचे आभार मानतो. थेस्सलनीकेत असतानाही तुम्ही मला मदत पाठविली, अशी आठवण देतो. सर्व काही करण्यास शक्तिमान असलेला हा मनुष्य मदत पोहोचल्याची पावती लिहीत आहे!

नुसत्या घोकण्याने काय होते हे तपासूनही पाहिले गेले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील जोन वुड ह्या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. आपण प्रेमास पात्र आहोत असे वाक्य लोकांस मनाशी म्हणावयास लावले. ज्यांस मुळात स्वतःविषयी बरे वाटत होते त्यांस थोडे अधिक बरे वाटले. ज्यांस स्वतःविषयी हीनता वाटत होती, म्हणजे ज्यांच्यासाठी हे औषध, त्यांस उलट अधिक वाईट वाटले. दुसरीकडे अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उदासपणाने त्रस्त ८० माणसांपैकी काहींस डेव्हिड बर्न्स ह्या डॉक्टरांचे १९८० मधील पुस्तक प्रथम दिले, काहींस थांबविले. वाचणाऱ्यांत चार आठवड्यांत पुष्कळ सुधारणा दिसली. पण त्या पुस्तकात पेन्सिल घेऊन सोडविण्याचे धडे आहेत, आणि वाचणाऱ्यांस दर आठवड्यास फोन करून कोणीतरी विचारपूस करीत असे. याकोबाचा आरसा आठवतो. तोंड पाहून निघून गेलेल्याच्या लक्षात काही राहत नाही.

ज्या गोष्टीची आम्हांस खरी काळजी वाटते ती निराळी आहे. पुस्तक सांगते, इच्छा केलीस तर होईल. झाले नाही, म्हणजे दोष कोणाचा? वाचकाचा. नोकरी न मिळालेला मुलगा, बाळंतपणानंतर रडू न आवरणारी सून, परीक्षेत दोनदा नापास झालेली मुलगी, ह्यांस हे पुस्तक अखेरीस एवढेच सांगते की तुझी इच्छा कमी पडली. आपण त्यात तुझा विश्वास कमी पडला अशी भर घालतो, तेव्हा ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीस बसतो. ते मित्र सात दिवस जमिनीवर त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर ठीक होते. ज्याची झोप, भूक गेली आहे किंवा जो मरणाच्या गोष्टी बोलतो, त्याच्या हाती पुस्तक देऊन वाट पाहत बसू नये. त्यास डॉक्टरांकडे न्यावे, आणि स्वतः बरोबर जावे.

गलतीकरांस पत्रात एकमेकांची ओझी वाहा असे आहे, आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार वाहावा असेही आहे. मुले ही विसंगती हटकून काढतात. ग्रीकमध्ये येथे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला चिरडून टाकणाऱ्या वजनाचा, दुसरा ज्याने त्याने खांद्यावर घ्यावयाच्या गाठोड्याचा. अभ्यासास बसणे, वेळेवर उठणे, पगार जपून खर्चणे हे गाठोडे, आणि तेथे चांगले पुस्तक उपयोगी पडते. दुखणे, कर्ज, वियोग हे वजन एकट्याने उचलावयाचे नव्हे.

तरुणांच्या वर्गास आमची सूचना अशी. त्यांच्याच पसंतीचे एक पुस्तक घ्यावे, सबंध नको, एक प्रकरण पुरे. चार रविवार दोघादोघांच्या जोड्या करून त्यातील एकच गोष्ट आचरावी, आणि जोडीदाराने मधल्या बुधवारी घरी जाऊन किंवा फोनवर चौकशी करावी. ज्यास वाचता येत नाही त्यास दुसऱ्याने वाचून दाखवावे. फिलिप्पैकरांचा चौथा अध्याय वाचताना तेराव्या वचनाशी थांबू नये, अठराव्यापर्यंत जावे. तेथे देणगी घेऊन आलेल्या एपफ्रदीताचे नाव येते. तो कोण, असे मुले विचारतील. त्या कामी तो मरणाच्या दारी पोहोचला होता. ती हकीकत दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे.