साथीचे गणित आणि माणसांचे जाळे

साथ का ओसरते, असा प्रश्न केला तर बहुतेक विद्यार्थी म्हणतील की, लागण होण्याजोगे कोणी उरत नाही म्हणून. हे उत्तर बरोबर नव्हे, असे कर्मॅक व मॅकेंड्रिक या दोघा स्कॉटिश शास्त्रज्ञांनी १९२७ साली गणिताने दाखविले. पहिले प्रयोगशाळेतील स्फोटात दृष्टी गमावलेले. दुसरे हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा करून परतलेले. लोकसंख्येचे त्यांनी तीन भाग कल्पिले : अद्याप निरोगी, रोगी, आणि बरे झालेले वा दगावलेले. निरोगी माणसांची संख्या एका मर्यादेखाली उतरली की प्रत्येक रोगी सरासरीने एकाहून कमी माणसांस रोग देतो आणि साथ विझू लागते; तिच्या तावडीत न सापडलेले लोक तेव्हाही शिल्लक असतातच. मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचे आकडे त्यांनी आपल्या वक्ररेषेशी ताडून पाहिले व ते बरेचसे जुळले. (प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो; तेव्हा हा मेळ जपूनच मानावा, असे आम्हांस वाटते.)

परंतु या समीकरणांत एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक माणूस इतर प्रत्येकास सारख्याच संभवाने भेटतो, असे त्यांत धरले आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातील विक्रेती आणि क्वचितच घराबाहेर पडणारे आजोबा यांच्या गाठीभेटी सारख्या कशा असतील? म्हणून पुढील संशोधकांनी माणसे म्हणजे ठिपके व संबंध म्हणजे रेषा, असे जाळे कल्पिले. ज्या अतिविशाल जाळ्यात मोजक्या ठिपक्यांनाच अतोनात रेषा जोडलेल्या असतात, तेथे साथीला आळा घालणारी ती मर्यादा जवळजवळ नाहीशी होते, असे २००१ साली पास्तोर-सातोरास व वेस्पिन्यानी यांनी दाखविले. क्षीण रोगही तेथे तग धरतो.

मग लस थोडीच असेल तर ती कोणास द्यावी? अर्थात बहुसंबंधी माणसांस. पण त्यांची यादी कोणाजवळ असते? यावर कोहेन, हाव्हलिन व बेन-अव्राहम यांनी २००३ साली एक युक्ती मांडली. वाटेल त्या माणसास एका परिचिताचे नाव विचारावे आणि लस त्या परिचितास द्यावी! आपण वहीत पाच ठिपके काढू. मधला चौघांना जोडलेला. त्या चौघांना मात्र मधल्यावाचून कोणी नाही. चिठ्ठ्या टाकून निवड केली तर मधला हाती लागण्याचा संभव पाचांत एक. परिचिताचे नाव विचारले तर चौघेही मधल्याचेच नाव सांगतील, म्हणजे संभव पाचांत चार झाला. मधल्यास लस मिळाल्यावर चौघांपैकी एखाद्यास बाहेरून रोग जडला, तरी उरलेल्या तिघांपर्यंत जाण्यास त्याला वाट उरत नाही.